लव्हाळ्याची एकादशी

परसदार : वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

मृगाचा पाऊस पडला की माझ्याकडच्या पत्रांचा सूर बदलतो. थंडीत लोक मावा किडीबद्दल विचारतात, उन्हाळ्यात पाण्याबद्दल, आणि जून लागला की फक्त तण. टाकळा, माठ, घोळ ही वर्षाच्या आत मरणारी मंडळी आज मी बाजूला ठेवते. फुलायच्या आधी उपटली की ती संपली. (टाकळ्याला तण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पहिल्या पावसातली कोवळी भाजी आहे ती, लसणाची फोडणी दिलेली.) आज बोलायचं ते जमिनीखाली बिऱ्हाड करून बसणाऱ्यांबद्दल. पहिलं पत्र मला बोल लावणारं आहे, म्हणून तेच आधी घेते.

काकू, राग मानू नका, पण मला तुमचा राग आलाय. गेल्या वर्षी तुम्ही लिहिलं होतंत, चिवट तण मुळासकट खणून काढावं. मी निवृत्त माणूस, वेळ भरपूर. जूनच्या शेवटी दोन गडी लावले, घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात वीतभर खोल कुदळ मारली आणि लव्हाळा काढला. गणपतीपर्यंत तो तिप्पट झाला. मिरचीची रोपं शोधावी लागत होती. यंदा पुन्हा खणू का? आमची मंडळी म्हणतात, फरशी घालून टाका.
– एक वाचक, इस्लामपूर

दादा, राग यायलाच हवा. चूक माझी. तो सल्ला मी हरळीसाठी दिला होता आणि वैशाखातल्या कोरड्या जमिनीसाठी दिला होता. लिहिताना मात्र ‘चिवट तण’ असा मोघम शब्द वापरून मोकळी झाले. हरळीचं औषध लव्हाळ्याला दिलं, तेही पावसात, तर जे व्हायचं तेच झालं.

एक करून बघा. लव्हाळ्याचा एक कोंब नुसता ओढू नका, खुरप्याने बाजूची माती सैल करून अलगद उचला. कोंबाच्या बुडाशी एक फुगीर गाठ दिसेल. तिच्यापासून तारेसारखा काळसर धागा निघतो, तो पुढच्या गाठीला जातो, तिथून तिसरीला. जपमाळच. ही माळ अखंड असते तोवर पुढची गाठ वाढते आणि मागच्या बहुतेक झोपून राहतात. एकत्र कुटुंबात थोरला कारभार बघतोय तोवर धाकटे निवांत असतात, तसं. तुम्ही कुदळ मारलीत म्हणजे वाटण्या केल्यात. वाटणी झाली की प्रत्येकाची चूल वेगळी पेटते. एका माळेचे दहा तुकडे झाले, वरून पाऊस होताच, दहा कोंब आले. गड्यांनी पाटी भरभरून लव्हाळा बाहेर टाकला असेल, मी नाही म्हणत नाही. पण मातीत राहिलेल्या गाठी त्यांना दिसल्याच नसणार. ओल्या काळ्या मातीत ती गाठ आणि ढेकूळ यांत फरक कळत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. 2009 साली आम्ही कराडजवळ हे घर बांधलं. मागे तीन गुंठे जागा राहिली, सगळी मुरमाड. नदीकाठचा पोयटा म्हणून दोन ट्रॉल्या माती आणून टाकली. माती दिसायला कशी, सोन्यासारखी! महिन्याभरात त्या सोन्यातून हिरव्या सुया वर आल्या. पोयटा, मुरूम, नर्सरीतल्या रोपाच्या पिशवीतली माती, लव्हाळा असाच घरी येतो. बी त्याचं क्वचितच उगवतं, तो गाठींतूनच पसरतो. मीही तुमच्यासारखी कुदळ घेऊन उतरले होते. शेजारच्या रानात भांगलायला येणारी एक आक्का कुंपणापलीकडून बराच वेळ बघत होती. शेवटी तिला राहवेना. म्हणाली, “खनू नगा वैनी. त्येला उपाशी ठिवा.”

त्या एका वाक्यावर मी चार वर्षं काम केलं.

गाठ म्हणजे कणगी. तिच्यात धान्य भरलेलं असतं, त्या धान्यावर कोंब वर येतो. पानं मोठी झाली की ती उन्हातून कमावतात, उधार घेतलेलं परत करतात आणि वर नव्या गाठी भरायला घेतात. कोंब वर आल्यापासून नव्या गाठी धरायला साधारण तीन आठवडे लागतात. त्याआधी कोंब छाटला, तर कणगीतून धान्य गेलं आणि परत आलं काहीच नाही. पुन्हा कोंब, पुन्हा छाटणी. गाठ लहान नाही, तिच्यावर एकाहून जास्त डोळे असतात, ती अनेकदा कोंब काढू शकते. पण दर वेळी कोंब आधीपेक्षा बारीक येतो. तो बारीक झालेला दिसला की समजायचं, कणगीचा तळ दिसायला लागला.

आता पंधरा दिवसांनी, पंधरा दिवसांनी असं म्हणणं सोपं. लक्षात कुणाच्या राहतं? मी एकादशी धरली. महिन्यात दोन येतात, कॅलेंडरवर छापलेल्या असतात, आणि उपास असल्यामुळे सकाळचा स्वयंपाक नसतो. मी साबुदाणा भिजत घालते आणि खुरपं घेऊन वाफ्यात बसते. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत नऊ एकादशा. त्या दिवशी माझा उपास आणि लव्हाळ्याचाही.

पहिल्या वर्षीची नोंद कॅलेंडरच्या पाठीमागे आहे. आषाढीला तीन पाट्या निघाला. पुढच्या एकादशीला पुन्हा तीन. मला रडू आलं होतं. श्रावणात अडीच, दोन. भाद्रपदात लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर पुण्यात राहिले, दोन एकादशा चुकल्या. परत येऊन बघते तर वांग्यांच्या बुडाशी गुडघ्यापर्यंत लव्हाळा, तांबूस तुरे आलेले. एकादशी आणि दुप्पट खाशी! दोन महिन्यांची कमाई त्याने एका महिन्यात परत मिळवली. दुसऱ्या वर्षी मी एकही चुकवली नाही. कार्तिकीला जो निघाला तो फुलांच्या परडीत मावला.

तेव्हा दादा, यंदा कुदळ माळ्यावर टाका. खुरपं घ्या, धार लावून घ्या. कोंब बोटभर मातीखाली कापा किंवा ओल असताना हलक्या हाताने बुडाच्या गाठीसकट उचला. खोल जायचं नाही. कोंबाला चार पानं दिसली की हात लावायचा, तुऱ्याची वाट बघायची नाही.

याच्या जोडीला सावली. लव्हाळा उन्हाचा भुकेला आहे, सावलीत तो हातपाय गाळतो. म्हणून अर्ध्या गुंठ्यात यंदा मिरची, कांदा, गाजर असलं विरळ पानांचं काही लावू नका. निम्म्या जागेत ताग दाट फेका. अर्ध्या गुंठ्याला चारशे ग्रॅम, म्हणजे तुमच्या निम्म्या जागेला दोनशे ग्रॅम बी पुरे, शेतकऱ्याच्या हिशोबापेक्षा थोडं जास्तच आहे ते. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, फुलं यायच्या आत कापून तिथेच पसरा. उरलेल्या जागेत चवळी किंवा लाल भोपळ्याचा वेल सोडा. रताळ्याचा वेलही जमीन छान झाकतो, पण लव्हाळ्याच्या जागेत रताळी, बटाटे लावायचे तर मनाची तयारी ठेवा. त्याचा अणकुचीदार कोंब कंदात आरपार शिरतो. सुई ओवलेला बटाटा मी स्वतः चिरलाय.

काळा मल्चिंग पेपर तुम्ही विचारला नाहीत, पण विचाराल. लव्हाळा तो फोडतो. अंधारात त्याचा कोंब गुंडाळलेल्या सुईसारखा राहतो आणि कागदातून वर येतो. गंमत अशी की पारदर्शक प्लास्टिकखाली तो फसतो. उजेड लागला की त्याला वाटतं, आलो वर. पान उलगडतो, आणि उलगडलेल्या पानाला काही टोक नसतं. मग तो प्लास्टिकखालीच वाकून बसतो. चैत्र-वैशाखात वाफा भिजवून, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून, कडा मातीत गाडून पाच-सहा आठवडे ठेवलं तर वरच्या थरातल्या बऱ्याच गाठी उन्हाने शिजतात. खालच्या शिजत नाहीत, त्यांच्यासाठी एकादशी आहेच. हे फक्त कडक उन्हात करायचं. पावसाळ्यात तेच प्लास्टिक म्हणजे तणाचं पाळणाघर.

एका कोपऱ्यात मी निवडणुकीचा जुना फ्लेक्स उलटा करून अंथरला होता, वर विटा. तो जाड असतो, लव्हाळ्याने फुटला नाही. आषाढ ते माघ ठेवला आणि उचलला. त्याहून जास्त ठेवू नका, फ्लेक्स उन्हाने सुटून त्याचे तुकडे मातीत मिसळतात. पण आठ महिने तरी पुढारी जागेवर राहिले.

फरशी घालू नका. दादा, फरशीच्या सांध्यातून सगळ्यात आधी कोण येतं माहीत आहे ना?

काकू, उपटलेल्या लव्हाळ्याचं काय करायचं? मी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकत होते. आता खड्ड्यावरच लव्हाळा उगवलाय.
– एक वाचक, वाई

ताई, नुसती पानं असतील तर खड्ड्यात चालतात. गाठी अजिबात नाही. घरगुती खड्डा तेवढा तापत नाही, आणि गाठीला ती ओल, ती ऊब म्हणजे माहेर. पुढच्या वर्षी तेच खत तुम्ही सगळ्या वाफ्यांना वाटाल. गाठी आणि बुडं वेगळ्या करा, पत्र्यावर किंवा गच्चीवर उन्हात पसरा. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्या वाळून खडखडीत होतात. सुरकुतलेली गाठ पुन्हा उगवत नाही. पण त्या मातीला टेकू द्यायच्या नाहीत. मी एकदा अंगणातच पसरल्या, रात्री वळीव आला आणि अंगणात नवी वसाहत झाली. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा चूल किंवा बंब.

आणि एक. या गाठी म्हणजेच मोथा. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा घालतो, तो याच घराण्यातला. वाळलेली गाठ दगडाने ठेचून हुंगा, मातीचा आणि कापराच्या जवळपास जाणारा वास येतो. मी दर वर्षी एक डबा गाठी धुऊन, त्यांच्यावरचे केसासारखे तंतू जाळून, उन्हात कडक वाळवून ठेवते आणि गव्हला कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल यांच्याबरोबर कुटते. तीन पाट्यांतला एक डबा, म्हणजे हिशोब काही जुळत नाही. पण नरकचतुर्दशीला पहाटे तो लव्हाळा अंगाला रगडून मोरीत वाहून जाताना बघायला बरं वाटतं.

काकू, आमच्या परसात हरळी माजली आहे. भेंडीच्या वाफ्यात, गवारीत, पायवाटेवर, सगळीकडे. पण सासूबाई तिला हात लावू देत नाहीत. म्हणतात, दुर्वा आहेत, गणपती चार महिन्यांवर आलाय. मी काय करू?
– एक सून, भोर

तुमचं पत्र वैशाखात आलं होतं, अंक मात्र आता निघतोय, त्याबद्दल क्षमस्व. सासूबाई बरोबर आहेत, दुर्वा आणि हरळी एकच. आणि तुम्हीही बरोबर आहात. 1977 साली तणांच्या अभ्यासकांनी जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांची क्रमवारी लावली, तेव्हा लव्हाळा पहिला आला आणि तुमच्या सासूबाईंच्या दुर्वा दुसऱ्या.

तोडगा सोपा आहे. जुन्या बादलीला भोकं पाडा, माती भरा, हरळीचे चार कोवळे तुकडे त्यात लावा आणि बादली सिमेंटच्या पायरीवर ठेवा. मातीवर नाही, पायरीवर. नाहीतर लोंबणारं खोड जमिनीला टेकतं आणि तिथे मूळ धरतं. पाणी वेळेवर दिलंत तर एकवीस काय, एकवीसशे दुर्वा निघतील, त्याही स्वच्छ, कुत्र्याने पाय न लावलेल्या. ती बादली सासूबाईंच्या ताब्यात द्या. मग परसाबद्दल बोला.

हरळी दोन मजली आहे. वर धावणारी खोडं आणि खाली पांढरी जाड खोडं. प्रत्येक पेरापाशी ती मूळ धरू शकते, म्हणून पावसाळ्यात फावड्याने कापणं म्हणजे रोपवाटिका लावणं. लव्हाळ्याशी तिचा फरक असा, की तिला गाठी नाहीत. तिची पुंजी त्या लांब पांढऱ्या खोडांतच असते आणि ती खोडं हाताला लागतात, वाळतात, मरतात. म्हणून हिला खणायचं. पण वैशाखातच.

यंदा वेळ गेली. पुढच्या चैत्रात त्या वाफ्यांचं पाणी तोडा. तीन-चार आठवडे थेंब नाही. जमीन तापली, कडक झाली की टिकावाने किंवा पहारेने मोठी ढेकळं उलटी करा. फोडायची नाहीत, नुसती उलटी. खोडं त्या ढेकळात अडकून वरच्या उन्हात भाजतात. माझ्या माहेरी वडील उन्हाळी नांगरट करून रान असंच उघडं टाकायचे आणि आई म्हणायची, रान तापत घातलंय. पंधरा-वीस दिवसांनी ढेकळं फोडून दाताळ्याने ओढा आणि हरळी हाताने वेचा. मुलांना सुट्टी असते. आमच्याकडे मापट्यामागे एक पेप्सीकोला असा दर होता, नातवाने दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत माझा पूर्व कोपरा साफ केला.

पण नुसतं आतलं काढून भागत नाही. हरळी येते कुठून? बांधावरून, रस्त्यावरून, शेजाऱ्याच्या कुंपणातून. परसाच्या कडेने वीतभर रुंद, दीड वीत खोल चर काढा. त्यात शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडा, दोन बोटं वर ठेवून. खालचं खोड फरशीला थटतं, वरचं खोड फरशीवरून ओलांडायला बघतं ते दिसतं आणि पायाने मागे लोटता येतं. फुटकी शहाबादी बांधकामवाले फुकट देतात, फक्त उचलून आणावी लागते.

तोवर, या पावसाळ्यात, भेंडीभोवतीची हरळी खुरप्याने मोकळी करून ओढून काढा आणि कापलेला एकही तुकडा वाफ्यात टाकू नका. म्हैस असेल तर तिला घाला. तिच्यासारखी भांगलणारी दुसरी नाही, पण तिला भेंडीही आवडते.

आमची जमीन काळी, भारी. परसात कुंदा गवत आहे. दोन हात खणलं तरी खोड खाली जातच राहतं. काय करावं?
– एक वाचक, बार्शी

भाऊ, कुंद्याचा तळ लागत नाही हे खरं. भारी काळ्या रानात तो जितका खाली जातो तितकं खणायला माणूस आणि पैसा परवडत नाही. आमच्याकडे पूर्वी उन्हाळ्यात कुंदा खणायला टोळ्याच यायच्या. वडील त्यांना खंडून काम द्यायचे आणि रोज संध्याकाळी खड्ड्यात काठी घालून खोली बघायचे.

परसापुरतं सांगते. सगळीकडे खणू नका. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात तेव्हा कुंद्याच्या ठोंबाभोवती पहार घालून वरचं हातभर खोड काढा, तेवढं निघतं. खालचं राहिलेलं वर यायला वेळ लागतो, आणि येताना पुंजी खर्चून येतं. मग दोन-अडीच पानांवर असताना कापा. पुन्हा आलं, पुन्हा कापा. इथे लव्हाळ्याचाच न्याय, फक्त कणगी खोल आहे, त्यामुळे वर्षं जास्त धरा. त्या दोन-तीन वर्षांत तिथे भाजीचे वाफे पाडू नका, शेवगा किंवा लिंबू लावा आणि बुडाशी उसाच्या पाचटाचा वीतभर थर द्या. पाचटातून येणारा कुंदा लांबट आणि फिकट येतो, ओढला की सुळकन् येतो.

मिठाचं पाणी ओतलं तर तण जळतं असं व्हिडिओत पाहिलं. व्हिनेगरही सांगतात. दोन्ही घरगुती आहे, रसायन नाही. वापरू का?
– एक वाचक, सांगली

मिठाने तण जळतं, मग त्या जागी काहीच उगवत नाही. तुमच्याच जिल्ह्यात आणि आमच्याही, नदीकाठची खारवट झालेली राने बघा, म्हणजे मीठ घरगुती आहे की नाही ते कळेल. व्हिनेगरने वरची पानं करपतात, गाठ खाली हसत बसते. त्याचं लोणचं घाला.

काकू, माझ्या गॅलरीतल्या कुंड्यांत गुलाबी फुलांची आंबुशी आलीये. दिसते गोड, पण मिरची, टोमॅटो सगळं खाऊन टाकलं तिने. रोज उपटते, रोज येते.
– एक वाचक, डोंबिवली

बाळा, आपली नेहमीची पिवळ्या फुलांची आंबुशी असती तर मी म्हटलं असतं, खाऊन टाक, चटणी छान होते. तिचीही खोडी आहेच. शेंग पिकली की फटकन् फुटून बी चार कुंड्यांपलीकडे उडतं. म्हणून शेंगा धरायच्या आत काढायची. पण तुझी गुलाबी आहे, ती वेगळी आणि वाईट. ती खाली बारीक कांद्या धरते, तांदळाएवढ्या, तिळाएवढ्या, सैल चिकटलेल्या. तू उपटतेस तेव्हा देठ तुझ्या हातात येतो आणि कांद्या मातीत सांडतात. म्हणजे रोज पेरणीच करतेस.

उपटणं आजपासून बंद. कुंडी रिकामी कर. वर्तमानपत्र पसर, माती त्यावर उलटी कर, मोठ्या छिद्रांच्या चाळणीतून चाळ. कांद्या चाळणीत राहतील, अगदी बारीक खाली जातील, म्हणून चाळलेली माती काळ्या पिशवीत ओलसर भरून, तोंड बांधून, उन्हाळ्याच्या उन्हात पाच-सहा आठवडे ठेवावी लागेल. गॅलरीत दुपारचं ऊन येत नसेल तर त्या मातीचा मोह सोड. सोसायटीच्या बागेत मात्र टाकू नकोस, तिथून ती सगळ्यांच्या गॅलरीत जाईल. कुंडी साबणाने घासून धू, कडेच्या खाचेत कांद्या लपतात. आणि नवं रोप आणलंस की त्याची माती आधी निरख. माझी पैज आहे, ही आंबुशी तुझ्याकडे कुठल्यातरी सुंदर गुलाबाबरोबर आली.

आमच्या कुळागरात आणि भाजीच्या मळ्यात केना फार. उपटून बांधावर टाकला तर बांधावरच रुजतो. पाऊस थांबत नाही, वाळणार कसा?
– एक वाचक, फोंडा, गोवा

केना पाण्याचा साठा घेऊनच फिरतो, उपटल्यावरही कितीतरी दिवस ताजा राहतो आणि पेर मातीला लागलं की रुजतो. त्यात त्याची एक लबाडी अशी की, वरच्या निळ्या फुलांबरोबर तो जमिनीखालीही बंद कळ्या धरतो आणि तिथल्या तिथे बी तयार करतो. म्हणून वरून कापून पुरत नाही, बुडाचे पांढरे दोरे निघायला हवेत. तुमच्या पावसात वाळवण्याचा नाद सोडा. उपटलेला केना प्लास्टिकच्या पिंपात दाबून भरा, वर दगड ठेवा, पाणी घाला आणि झाकण लावून महिनाभर कुजू द्या. वास येईल, पिंप घरापासून लांब ठेवा. तो काळा रबडा पूर्ण कुजला की पाण्यात कालवून माडांच्या बुडाशी ओता. लव्हाळ्याच्या गाठींना मात्र हा उपाय करू नका, त्या पाण्यात सहज मरत नाहीत. पुरात झाडं वाहून जातात आणि लव्हाळा राहतो, हे आपण पाळण्यापासून ऐकतोय.

कोवळ्या केन्याच्या पानांची भजी होतात. पिंपात टाकण्याआधी एवढं करून बघा.

काकू, तुम्ही दर वर्षी लव्हाळ्यावर लिहिता. तुमच्या परसात आता लव्हाळा आहे की नाही, ते एकदा खरं सांगा.
– एक जुनी वाचक, सातारा

आहे. काल संध्याकाळी विहिरीच्या कठड्याशी, पुदिन्यात, सतरा कोंब मोजले. पुदिना मुळासकट गुंतलाय, म्हणून तिथे खुरपं चालत नाही, बोटांनी एकेक काढावा लागतो. काल काढला नाही. एकादशी परवा आहे.